सिग्नलचा अतिभार झाला होता का?

वार्षिक सभेत "कृपया शांतता राखा" असं म्हणेपर्यंत तपशीलरावांचं आयुष्य तसं बरं चाललं होतं. इमारतीच्या सेक्रेटरीचं जितकं बरं चालू शकतं तितकंच. म्हणजे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण गळक्या नळाबद्दल बोलायचा आणि न भेटणारा चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवायचा. पण त्या तीन शब्दांनंतर जे सुरू झालं त्यापुढे गळके नळ म्हणजे माहेरचं सुख वाटावं.

तपशीलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या नुकसानभरपाई विभागात सत्तावीस वर्षं बसून त्यांनी जळक्या, बुडक्या आणि फुटक्या वस्तूंच्या मालकांना एकच प्रश्न विचारला होता, "तपशील?" दुकान जळालेला माणूस समोर डोळे पुसत उभा असला तरी ते आधी त्याला पाण्याचा पेला द्यायचे, मग कोरा कागद, आणि मग विचारायचे, "तपशील?" माणूस वाईट नव्हता. पण दुःखसुद्धा अर्जाच्या नमुन्यात बसवून आणलं तरच त्यांना ते नीट दिसायचं, त्याला काय करणार?

तर सभा. सभा रविवारी सकाळी तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेत. माईकवाल्यानं ऐन वेळी माईक पाठवला, पण आवाजाचं खोकं पाठवलं नाही, कारण ते त्याच दिवशी दुसऱ्या, आणखी मोठ्या सभेला गेलं होतं. आता नुसता माईक म्हणजे नुसता नळ, पाणी नाही. आणि खोक्याशिवाय सभा घ्यायची सोय नव्हती. मागच्या वर्षी तशी घेतली होती. निम्म्या सभासदांना ठराव ऐकू आला नाही, तरी त्यांनी हात वर केले, आणि पुढचं अख्खं वर्ष "आम्ही यासाठी हात वर केलाच नव्हता" यात गेलं.

अशा वेळी तपशीलरावांना मुलीच्या खोलीतलं काळं खोकं आठवलं.

ते खोकं म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. मुलगी त्याला नुसतं 'ॲम्प' म्हणायची. दोन वर्षं संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनं तो घेतला होता, आणि आणला त्या दिवशी तो पुसून, त्याच्यासमोर मांडी घालून, बराच वेळ नुसती बघत बसली होती. आवाजाच्या बटणावर एक ते दहा आकडे होते. सेक्रेटरीच्या घरातूनच आवाज झाला तर लोकांना काय तोंड दाखवायचं, म्हणून तपशीलरावांनी तीनच्या आकड्याशेजारी लाल पट्टी चिकटवली होती. मुलगी बिचारी तीनच्या पुढे कधी गेली नाही. सध्या ती गिटार घेऊन मावशीकडे गेली होती, कारण मावशीचा पाय प्लास्टरमध्ये होता. शुक्रवारी ती परत येणार होती आणि शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात तिचा आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींचा पहिला कार्यक्रम होता. तिकीट नव्हतं, पण छापील पत्रक होतं आणि त्यावर तिचं नाव होतं. तिनं त्याचा फोटो मावशीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठवला होता.

"तिला फोन करून विचारा तरी," बायको म्हणाली.

"सभा दहा मिनिटांवर आलीय. आणि मी काय तो विकतोय? दोन तास खाली नेतोय."

"ती नाही म्हणणार नाही. पण विचारा."

"ती नाही म्हणणार नाही ना? मग विचारायचं कशाला?" तपशीलराव म्हणाले. असं वाक्य एखाद्या दावेदारानं लिहिलं असतं तर त्यांनी त्याखाली लाल शाईनं रेघ मारली असती.

खाली माईक जोडला तर आवाज अगदीच बारीक. माईकचा सिग्नल फार लहान असतो, असं वरच्या मजल्यावरच्या एक्सचेंजकाकांनी जाहीर केलं. एक्सचेंजकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण जगातली प्रत्येक गोष्ट म्हणजे वायर आणि तिची दोन टोकं हा त्यांचा सिद्धान्त कायम होता. "थांबा," ते म्हणाले, "माझं जुनं गाणी ऐकायचं मशीन आणतो. माईक त्यात घालू. तिथे आवाज एकदा वाढेल. मग त्याच्या स्पीकरची वायर काढून तुमच्या खोक्यात घालू. तिथे आणखी एकदा वाढेल. दुहेरी!"

"चालेल ना त्याला?"

"सिग्नल तो सिग्नल. इकडून आला काय, तिकडून आला काय!"

दोन्ही बटणं काकांनीच फिरवली. लाल पट्टी त्यांना दिसली नाही, किंवा दिसली तरी त्यांना ती शोभेची वाटली. खजिनदार अहवाल वाचायला उठणार एवढ्यात लिफ्टवरून भांडण पेटलं. दुसरा मजला म्हणाला आम्ही लिफ्ट वापरतच नाही, पाचवा मजला म्हणाला मग जिना पण वापरू नका. तपशीलरावांनी माईक तोंडाजवळ धरला आणि नोकरीतल्या सवयीप्रमाणे शांतपणे, स्पष्टपणे म्हणाले, "कृपया शांतता राखा."

'कृपया' नीट गेलं. 'शांतता' म्हणताना खोक्यातून पत्रा फाडल्यासारखा आवाज निघाला. 'राखा' कोणालाच ऐकू आलं नाही, कारण तोवर खिडक्या थरथरत होत्या, तीन गाड्यांचे भोंगे आपापले ओरडायला लागले होते आणि खजिनदार खुर्चीच्या मागे बसले होते. मग फट्ट असा बारीकसा आवाज झाला, खोक्यावरचा लाल दिवा विझला, जळका वास सुटला आणि सगळं थांबलं. एक मात्र खरं, शांतता राखली गेली. इमारतीच्या इतिहासात प्रथमच लिफ्टचा ठराव बिनविरोध मंजूर झाला.

सभा संपली, पण माणसं हलली नाहीत. खोक्याभोवती अशी गर्दी जमली जशी रस्त्यात कोणाला चक्कर आली की जमते. प्रत्येकाला एकच प्रश्न पडला होता, की जास्त सिग्नल घातल्यानं ॲम्प्लिफायर बिघडतो का? आणि प्रत्येकाकडे त्याचं ठाम उत्तर तयार होतं.

"अजिबात नाही," एक्सचेंजकाका म्हणाले. काल ज्याला सल्ला दिला त्याचं नुकसान झालं की आज माणूस सिद्धान्ताकडे वळतो. "सिग्नल म्हणजे काय? निरोप. निरोपानं कधी कोणी मेलंय का?"

"कितीतरी माणसं निरोपानंच मेलीत," समोरच्या दारातल्या फिजिक्सच्या बाई म्हणाल्या. "ऊर्जा आहे ती. आत गेली ना? मग ती कुठे जाणार? उष्णता होणार. वास येतोय तो कसला?"

"वास माझ्या मशीनचा येतोय," काका दुखावल्या स्वरात म्हणाले, आणि तो खरंच त्यांच्याही मशीनमधून येत होता.

तळमजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर वाकून खोक्याच्या जाळीत बघत होते. त्यांनी त्याला 'आ' करायला सांगितलं नाही एवढंच. "असं आहे," ते म्हणाले, "एकदाच जोरात चावलं म्हणून चांगला दात पडत नाही. रोज रात्री दात खाणाऱ्याचा पडतो. ही तर गिटारची वस्तू, तिला चावायची सवय असणार. आतलं काहीतरी किरकोळ असेल."

तिन्ही मतं तपशीलरावांनी वहीत लिहून घेतली, वेळेसकट.

घरी आल्यावर त्यांनी खोक्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. पान चारवर लिहिलं होतं, 'यंत्रास प्रमाणाबाहेर सिग्नल दिल्यास इजा होऊ शकते.' पान चौदावर लिहिलं होतं, 'भरदार, फाटल्यासारखा नाद हवा असल्यास सिग्नल मोकळ्या हातानं वाढवावा.' तपशीलराव बराच वेळ चार आणि चौदामध्ये बोट घालून बसले. 'शकते' या शब्दाला ते चांगले ओळखत होते. त्यांची अख्खी कंपनी त्या एका शब्दावर उभी होती. फक्त आजवर ते त्या शब्दाच्या पलीकडच्या बाजूला बसत आले होते.

"मागचे स्क्रू काढून बघू का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तिथे काय चिकटवलंय ते वाचा."

मागे चकचकीत कागद होता, 'हे सील तुटल्यास हमी रद्द.' हमी अजून चार महिने शिल्लक होती.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, ॲम्प ठीक आहे ना रे? दुपारी खिडकीतून ऊन येतं त्याच्यावर."

"ऊन अजिबात नाहीये त्याच्यावर," तपशीलराव म्हणाले. हे शब्दशः खरं होतं. खोकं त्या वेळी पलंगाखाली होतं.

"सांगून टाका हो," फोन ठेवल्यावर बायको म्हणाली.

"फोनवर अपुरी माहिती जाते. आधी दुरुस्त करून आणतो, मग समोर बसवून सविस्तर सांगतो."

"आणि दुरुस्त झाल्यावर सांगाल?"

तपशीलराव माहितीपुस्तक पुन्हा उघडून बसले. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे त्यांनी मुलीला ती दोन वर्षांची असल्यापासून शिकवलं होतं. ते आता तिच्यासमोर उभं राहून कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला काहीच न कळता तिनं शनिवारी वाजवावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मंगळवारी अर्धी रजा टाकून, खोकं दोन चादरींत गुंडाळून ते कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात पोहोचले. तिथे काउंटरवरच्या बाईंनी एकपानी अर्ज दिला. नाव, पत्ता, यंत्राचा क्रमांक, आणि खाली एक प्रश्न: 'सिग्नलचा अतिभार झाला होता का? हो / नाही.'

"इथे 'नाही' लिहा आणि सही करा," बाई दुसऱ्या कागदावर शिक्का मारत म्हणाल्या.

"पण झाला होता."

बाईंनी शिक्का हवेत थांबवला. "काका, सगळे 'नाही'च लिहितात."

"मी नुकसानभरपाई विभागात आहे," तपशीलराव ताठ होऊन म्हणाले.

"मग तर तुम्हाला कळायला हवं!"

पण तपशीलरावांचा स्वाभिमान दुखावला गेला होता. सत्तावीस वर्षं ज्या खोटेपणाच्या मागावर ते फिरले, तो त्यांना कोणीतरी काउंटरवर चहासारखा पुढे करत होतं. त्यांनी 'नाही' खोडलं. 'हो' भोवती गोल केला. आणि पिशवीतून आदल्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तयार केलेलं चार पानी जोडपत्र काढलं. त्यात घटनेची वेळ होती, हवामान होतं, तीन तज्ज्ञांची मतं होती, काकांच्या मशीनचं वर्णन होतं, आणि पान तीनवर गाडीतळाचा नकाशा होता. त्यात खोकं 'क', माईक 'ख' आणि स्वतः तपशीलराव 'ग' असे दाखवून त्यांच्यातली अंतरं फुटांत दिली होती. असं सुबक जोडपत्र त्यांना उभ्या नोकरीत एकाही दावेदारानं दिलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य असून सदर अतिभारास मी जबाबदार आहे.' ते वाचताना त्यांना स्वतःबद्दल थोडा अभिमानही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात आतून तंत्रज्ञ आला. जाड चष्मा, खिशात तीन टेस्टर. त्यानं खोकं उचललं, नाक लावून वास घेतला, कानाशी धरून हलवलं. "फ्यूज गेलाय. एवढाच असतो," त्यानं बोटाचं पेर दाखवलं. "बसा, दोन मिनिटांचं काम आहे."

तपशीलरावांचे डोळे भरून आले. "म्हणजे सिग्नलनं आत काही जळलं नाही?"

"गिटारचा ॲम्प आहे काका. ओरडण्यासाठीच बनवतात याला. पोरं रोज कोंबतात सिग्नल. स्पीकरची वायर घातली असली तर जरा... पण बघू, नव्याण्णव टक्के फ्यूजच." मग त्याची नजर काउंटरवर गेली. "हे काय आहे?"

"जोडपत्र."

तंत्रज्ञानं पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. नकाशा उलटा धरून बघितला, मग सुलटा. आणि खोकं हळूच काउंटरवर ठेवून दोन पावलं मागे सरकला. "यात ओव्हरलोड लिहिलंय. मग मी हात नाही लावू शकत. असली केस मुख्य प्रयोगशाळेत जाते."

"पण तुम्हीच म्हणालात फ्यूज!"

"मी तोंडी म्हणालो. तुम्ही लेखी म्हणालात."

"किती दिवस लागतील?"

"एकवीस," बाई म्हणाल्या. "कामाचे."

तपशीलराव जागच्या जागी म्हातारे झाले. ते म्हणाले की जोडपत्र परत द्या. बाई म्हणाल्या आवक क्रमांक पडला. ते म्हणाले मी 'नाही' लिहितो. बाई म्हणाल्या आता 'नाही' लिहिलंत तर खोटं निवेदन होईल. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "अहो, शनिवारी मुलीचा कार्यक्रम आहे हो." बाईंचा चेहरा खरंच उतरला. त्यांनी तपशीलरावांना पाण्याचा पेला दिला आणि एक कोरा कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "साहेबांच्या नावे अर्ज करा. तपशील लिहा."

त्यांनी लिहिला. बुधवारी त्याचं उत्तर आलं, 'लेखी निवेदनात मागाहून केलेला बदल विचारात घेता येत नाही.' वाक्यरचना इतकी निर्दोष होती की तपशीलरावांना रागावतासुद्धा येईना. अशी वाक्यं त्यांनी स्वतः शेकड्यांनी पाठवली होती. ती घरी पोहोचल्यावर कशी दिसतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवारी दुसरा ॲम्प भाड्यानं मिळतो का ते बघायला ते बाजारात निघाले. गावात अशी दुकानं दोन. पहिल्याचे सगळे ॲम्प शनिवारसाठी आधीच गेले होते. दुसऱ्याकडे एक शिल्लक होता. दुकानदार भला माणूस, त्यानं काही विचारलंही नाही, पावतीपुस्तक उघडलं. आणि तपशीलराव म्हणाले, "एक गोष्ट तुमच्या कानावर घालायला हवी. यापूर्वीचा ॲम्प माझ्या हातून बंद पडलेला आहे."

"कसा?"

त्यांनी सांगितलं. नकाशासुद्धा काढून दाखवला. जोडपत्राची प्रत त्यांच्याकडे होतीच. दुकानदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पावतीपुस्तक मिटलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही फार सज्जन माणूस आहात. पण हा ॲम्प आता दुरुस्तीला द्यायचाय."

"आत्ता तर चालू होता."

"तुमचं ऐकल्यावर वाटायला लागलं."

रस्त्याच्या कडेला उभं राहून तपशीलरावांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असा विचार केला, पण समोरून ऑफिसातले दोघं येत होते.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय झालं?" त्यांनी सांगितलं. ती काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात ती बोलली नाही असं फार कमी वेळा झालं होतं, आणि त्यातली एकही वेळ चांगली नव्हती. मग ती एवढंच म्हणाली, "कुठे बोलायचं ते कळत नाही तुम्हाला. आणि जिथे बोलायला हवं तिथे रविवारपासून गप्प आहात."

शुक्रवारी दुपारी मुलगी आली. दारातच गिटार टेकवून खोलीत गेली आणि बाहेर आली.

"बाबा, ॲम्प कुठाय?"

तपशीलरावांनी सविस्तर सांगायचं ठरवलं होतं. त्याऐवजी त्यांनी जोडपत्राची प्रत तिच्या हातात दिली. ती चपला काढायच्या स्टुलावर बसून चारही पानं वाचत गेली. नकाशाच्या पानावर जरा थांबली. तपशीलराव समोर उभे होते, हात पुढे बांधून, जसे त्यांच्या टेबलासमोर लोक उभे राहत.

"यात मी कुठाय?" तिनं विचारलं.

"पान एक. तिसरी ओळ. 'यंत्राची मालक, कन्या.'"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तपशीलरावांनी त्याची तयारी केली होती. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्याला तीनच्या वर कधी नेला नाही. एकदाही नाही. उद्या हॉलमध्ये पहिल्यांदा नेणार होते. आणि तू त्याला दहावर नेलास. कशासाठी, तर लोकांनी गप्प बसावं म्हणून."

"दहावर मी नाही नेला. एक्सचेंजकाकांनी... पान दोनवर आहे ते," तपशीलराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आपली इतकी लाज वाटली की ते स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ घट्ट करू लागले.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. अख्खी इमारत आली होती, कारण सगळ्यांना अपराध्यासारखं वाटत होतं आणि प्रवेश मोफत होता. ढोल वाजवणाऱ्या मुलाचं सगळं ठीक होतं, त्याला कशात काही खुपसायचं नव्हतं. गाणाऱ्या मुलीला वाचनालयाचा माईक होता. दुसऱ्या गिटारवाल्याचा छोटा ॲम्प होता, पण त्याला भोक एकच. उरलेली गिटार तपशीलरावांच्या मुलीची. ही गिटार आतून पोकळ नसते. वायर नसेल तर ती चमच्यानं ताट खाजवल्याइतकीही वाजत नाही. एक्सचेंजकाकांनी वाचनालयाचा दुसरा माईक तिच्या गिटारसमोर टेकवून दिला. त्या माईकनं अत्यंत प्रामाणिकपणे शेजारचा ढोल पकडला.

तपशीलराव पहिल्या रांगेत बसले. गाणं सुरू झालं. मुलीची बोटं तारांवर पळत होती. मधे एक जागा आली जिथे बाकीचे तिघं थांबले आणि तिच्याकडे बघू लागले. तिथे ती एकटी वाजवणार होती. ती वाजवायला लागली. मान खाली, डोळे मिटलेले, बोटं खालपासून वरपर्यंत. तपशीलरावांनी पुढे वाकून ऐकलं. मग एका कानामागे हात धरला. पंख्याचा आवाज येत होता. मागे कुणीतरी खोकलं, तर चार जणांनी त्याला दटावलं. ती अर्धं मिनिट वाजवत होती की दोन मिनिटं ते त्यांना सांगता आलं नसतं, आणि वेळ सांगता न येण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. मग ढोल सुरू झाला आणि लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. इतक्या, की त्यांना मुलीची दया आल्यासारखं वाटावं.

बाहेर पायऱ्यांवर सगळे कौतुक करत होते. "छान, हां," दातांचे डॉक्टर म्हणाले. "गिटार असूनही कानाला अजिबात त्रास झाला नाही," फिजिक्सच्या बाई मनापासून म्हणाल्या. तपशीलराव सगळ्यांना हात जोडत होते. मुलगी पाठीवर गिटार घेऊन खाली आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. रागावलेली दिसत नव्हती. फक्त दमलेली होती.

"बाबा, मधलं ऐकू आलं का रे?"

तपशीलरावांनी तोंड उघडलं. आजूबाजूला माणसं होती आणि 'हो' म्हणायला काहीच पडत नव्हतं.

"नाही गं," ते म्हणाले.

"मलापण नाही," ती म्हणाली.

मग ते तिघं घरी चालत गेले. बायकोनं तिची गिटार घ्यायला हात पुढे केला, पण तिनं दिली नाही.

प्रयोगशाळेनं एकवीस दिवस सांगितले होते, बावीस घेतले. दारात माणूस आला, खांद्यावर खोकं, हातात अहवाल. मुलगी घरी नव्हती. गटानं पुढच्या कार्यक्रमासाठी तिच्या जागी नवा गिटारवाला घेतला होता, ज्याच्याकडे स्वतःचा ॲम्प होता, आणि ती पुन्हा संध्याकाळच्या शिकवण्यांना जाऊ लागली होती. तपशीलरावांनी चष्मा लावला आणि अहवाल वाचला. 'यंत्राची सर्व भागांसह तपासणी केली. सिग्नलच्या अतिभाराने इजा झाल्याचे आढळून आले नाही. या प्रकारच्या यंत्राची रचनाच अतिभार गृहीत धरून केलेली असते. फ्यूज बदलला. एकूण नुकसान: शून्य.'

खाली लिहिलं होतं, 'अहवाल मान्य / अमान्य. लागू नसेल ते खोडावे.'

तपशीलरावांनी पेन काढलं. 'एकूण नुकसान' ही ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी 'मान्य' या शब्दावर आडवी रेघ मारली, सरळ आणि ठळक.

"साहेब, असं नका करू," तो माणूस घाबरून म्हणाला. "अमान्य असेल तर यंत्र परत न्यावं लागतं मला. पुन्हा एकवीस दिवस. खाली गाडी उभी आहे, लवकर काय ते ठरवा."

जिन्यातून कुणीतरी गळक्या नळाबद्दल हाक मारली. तपशीलरावांनी दुसरा कोरा नमुना मागून घेतला, त्यावरचं 'अमान्य' खोडलं, आणि सही केली.